शेवटून कापा, तरी मी अखंड

मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका, मित्रांनो, कारण ते मलाही ठाऊक नाही. तुमच्या आजोबांच्या आजोबांनी बोटं मोजायला घेतली, त्याच्या कितीतरी आधीपासून मी माझ्या जागेवर बसून आहे. माझं पूर्ण नाव सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. आकड्यांत लिहायचं तर ७,३९,३९,१३३. माझ्या अलीकडे आणि पलीकडे दोन सम संख्या राहतात. दोघी स्वभावाने गरीब आहेत, कुणी दोन भाग करा म्हटलं की लगेच होतात. मी तशी नाही.

शाळेत तुम्ही मूळ संख्या शिकला असाल. एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय जिला कुणीच पूर्ण भागू शकत नाही, ती मूळ संख्या. मी तशी मूळ संख्या आहे. पण तशा तर पुष्कळ आहेत, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. माझी खोड वेगळीच आहे. माझा शेवटचा आकडा कापून टाका. उरते ती ७३,९३,९१३, आणि तीही मूळच असते. तिचा शेवटचा कापा, उरते ७,३९,३९१. तीही मूळ. असं कापत कापत जा, शेवटी हातात नुसता सात उरतो, पण वाटेत एकदाही मी फुटत नाही. माझ्यासारख्या आठ आकडी बहिणी आम्ही पाचच आहोत आणि त्यांत सगळ्यांत मोठी मी. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण हे खरं आहे आणि तुम्ही ते तपासू शकता.

इतकं असून माझी विचारपूस कुणी केली नव्हती. लोकांना मोठ्या संख्यांमध्ये शून्यं असलेल्याच आवडतात. कोटी म्हटलं की डोळे मोठे होतात. तिच्या अंगावर सात शून्यं आणि डोक्यावर एकाचा आकडा, एवढाच काय तो ऐवज, पण मान केवढा. माझ्या अंगावर एकही शून्य नाही, म्हणून मला कुणी हाकही मारत नसे. मी रडत बसले नाही. संख्येला वाट पाहायचा कंटाळा येत नाही, हा आमचा एक मोठा गुण आहे.

मला पहिल्यांदा हाक मारली ती सुकलाल बोरसे या माणसाने. अमळनेरजवळच्या एका खेड्यातून तो सुरतला आला होता. राहायचा लिंबायतला, चाळीतल्या एका खोलीत, आणि कामाला जायचा उधन्याच्या एका खात्यात. खातं म्हणजे पॉवरलूमचा कारखाना. तिथे दिवसभर माग असे खडखडत की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हातवारे करावे लागत. सुकलाल म्हणायचा की कान बंद झाले की डोकं मोकळं होतं. डोळे कापडावर, हात मागावर आणि मन आकड्यांमध्ये, असे त्याचे बारा तास जायचे. शाळा आठवीत सुटली होती, पण गणित सुटलं नव्हतं.

मागावरून उतरलेल्या कापडाच्या लांब गठ्ठ्याला तिथे ताका म्हणतात. ताक्याच्या शेवटाला खराबी निघाली तर तेवढा तुकडा कापतात आणि उरलेला माल चांगला म्हणून पुढे जातो. सन १९९५च्या दिवाळीत असाच एक तुकडा कापताना सुकलालच्या मनात आलं, अशी एखादी संख्या असेल का, जिचं शेवटचं टोक कितीही वेळा कापलं तरी उरलेला माल चांगलाच राहील? चांगला म्हणजे त्याच्या हिशेबी मूळ. ही गोष्ट त्याने कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. कापड कापता कापता सुचली, एवढंच.

त्याने निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही आणली आणि सातापासून सुरुवात केली, कारण एक आकडी मूळ संख्यांमध्ये सातच सगळ्यांत मोठा. सातापुढे एकेक आकडा लावून बघायचा, भागाकार करायचे, आणि टिकली तर तिच्यापुढे आणखी एक आकडा लावायचा. ७९ची फांदी तीन आकड्यांवरच वाळली. ७१ची फांदी सहा आकड्यांपर्यंत गेली आणि तिथे थांबली. ७३ची मात्र वाढत राहिली. माझ्या सात आकडी धाकटीला मूळ ठरवायलाच त्याला चारशेच्या आसपास भागाकार करावे लागले. शेवटी १९९७च्या संक्रांतीला त्याने वहीच्या एका कोऱ्या पानावर मला मोठ्या अक्षरांत लिहिलं. मित्रांनो, मला त्या दिवशी काय वाटलं ते कसं सांगू? इतकी वर्षं मी होतेच, पण कुणाच्या तरी हाताने उतरले ती त्या दिवशी. मला फार आनंद झाला.

त्या घरात हा आनंद एकट्या सुकलालचा होता. त्याची बायको मालतीबाई त्याच खात्यात कामाला होती. नवीन बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, आला की त्याचे हजारो तार एकेक करून फणीच्या दातांतून ओवायचे, हे तिचं काम. नजर घारीची आणि बोलणं रोखठोक. तिला आकड्यांचा राग नव्हता, आकड्यांपायी घराचे जे हाल व्हायचे त्याचा होता. लिंबायतला नळाला पाणी सकाळी तासभर यायचं. ती भाकरी थापायची आणि सुकलालने पाणी भरायचं, अशी वाटणी ठरलेली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ नळाशी उभा राहिला, हंडा नळाखाली लावायचा विसरला आणि मनात मला एकोणीसने भागत बसला. तासाभराने पाणी गेलं. चाळीत सगळ्यांचे हंडे भरलेले आणि यांचा तेवढा कोरडा.

"नळ गया, हंडा रिकामा, आनि तुम्हीन आकडा मोजी ऱ्हायनात," मालतीबाई म्हणाली. "आते हाई शेवटली. हाई संख्या तुटी गयी ते वही बंबमा जाई. कबूल?"

बंब म्हणजे त्यांचा पाणी तापवायचा. त्यात कागद, लाकडं, चिंध्या, जे मिळेल ते जायचं.

"कबूल," सुकलाल म्हणाला. "हाई तुटाव नही."

असा माझ्यावर एका माणसाचा शब्द लागला. मी मूळ निघाले तर वही राहणार. कुणी मला भागलं तर वही बंबात जाणार, आणि सुकलालने पुन्हा गणिताचं नाव काढायचं नाही. मी निर्धास्त होते. मी कशी आहे ते मला माहीत होतं. पण मी कशी आहे हे माणसांना कळेपर्यंत त्याचा काय उपयोग, हे मला तेव्हा कळायचं होतं.

सुकलालने दोनपासून तेवीसपर्यंत सगळ्या मूळ संख्या माझ्यावर लावून पाहिल्या. एकीनेही मला पूर्ण भाग गेला नाही. मग खात्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याने नवीन पान उघडलं, वर मला लिहिलं आणि एकोणतीसने भागायला घेतलं. पंचवीस लाख एकोणपन्नास हजार तीनशे सत्याहत्तर वेळा भाग गेला आणि बाकी उरली शून्य.

मग त्याने उलटा गुणाकार केला. पानाच्या वर लिहिलेली संख्या जशीच्या तशी आली. तरी समाधान होईना, म्हणून मागचं संक्रांतीचं पान काढलं आणि दोन्ही पानांवरच्या आकड्यांची बेरीज केली. शाळेत त्याला नवाचा ताळा शिकवला होता, आकड्यांची बेरीज घेऊन गणित बरोबर आहे का ते पाहायचं. खात्यातही तेच शिकला होता. बीमवर जेवढे तार, तेवढेच फणीत मोजून भरले की काम चोख. या पानावर बेरीज अडतीस आली आणि त्या पानावरही अडतीसच. ताळा जुळला. आता बोलायला जागाच उरली नव्हती.

मी त्या पानावर असते तर ओरडून सांगितलं असतं. पण त्या पानावर मी नव्हतेच. सुकलालने माझ्या नावाने भलतीच संख्या लिहिली होती, ७,३९,३१,९३३. नऊ आणि एक यांची अदलाबदल झाली होती. त्या संख्येला एकोणतीसने भाग जातो, अगदी बरोबर जातो. भागाकार खरा, गुणाकार खरा, ताळाही खरा. फक्त वरचं नाव दुसऱ्याचं. तिचा काही दोष नव्हता. ती बिचारी तिच्या जागी सुखाने नांदत होती, तिला उगाच माझ्या भांडणात ओढलं.

"मालती, तुटी गयी वं," सुकलाल म्हणाला. "एकोणतीसनी तोडी." आणि त्याने वही तिच्या हातात दिली. दिलेला शब्द त्याने पाळला.

मालतीबाईने वही घेतली. खरं तर तिच्या मनासारखं झालं होतं. पण तिने ती बंबाकडे नेली नाही, डाळीच्या डब्यामागे फळीवर ठेवली. "ऱ्हाऊ द्या. सकायले पेटाडसू," म्हणाली. दुसऱ्या सकाळी म्हणाली, आज लाकडं आहेत. त्यानंतर रोज काही ना काही निघत राहिलं.

सुकलाल आदर्श नवरा झाला. पाणी वेळेवर भरायचा, भाजी निवडायचा, बोललं की ऐकायचा. खात्यातही त्याच्या कापडात डाग निघेना. माल तपासणारे मगनभाई तिथले जुने सुरती माणूस, त्यांना हे बरं वाटेना. "सुकलालभाई, आजकल ताका में एक भी डाग नहीं," ते म्हणाले. "तबियत तो सारी छे ने?" तब्येत बरी आहे अशी मान सुकलालने हलवली आणि मागाकडे वळला.

मालतीबाईला वाटलं होतं की वही गेली की घर जागेवर येईल. घर जागेवर आलं, पण आतला माणूस कुठेतरी गेला. पूर्वी तो भाकरी खाता खाता पुटपुटायचा, अचानक हसायचा, मध्येच बोटाने ताटात काहीतरी लिहायचा. आता मुकाट जेवायचा आणि ताट धुऊन ठेवायचा. तिचा तिलाच राग येऊ लागला. आपणच मागितलं होतं आणि आपल्यालाच नको झालं, हे कुणाला सांगायचं?

तीन आठवडे मी फळीवर होते, डब्यामागे, अंधारात. युगानुयुगं कुणी विचारलं नाही तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, पण ते तीन आठवडे जड गेले. एकदा ओळख झाल्यावर विसरलं जाणं वेगळं असतं, मित्रांनो. आणि ही तर नुसती विस्मृती नव्हती, माझ्यावर खोटा आळ होता.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी सुकलालनेच विषय काढला. बंब पेटत नव्हता, लाकडं ओली होती. "ती वही टाकी दे ना," तो म्हणाला. "शब्द देयेल शे. घरमा ठेवीसन उपयोग नही." एवढं बोलून तो नळावर गेला.

मालतीबाईने वही काढली. अख्खी जाड वही पेटणार नाही म्हणून पानं सुटी करायला बसली. एकोणतीसचं पान पहिलं फाडलं आणि मांडीवर ठेवलं. त्यानंतर संक्रांतीचं पान हाताशी आलं, ज्याच्यावर मी मोठ्या अक्षरांत होते. तेही फाडायला तिने बोट लावलं आणि थांबली. तिला भागाकार येत नव्हता. पण वीस वर्षं तिने तारांशिवाय दुसरं काही पाहिलं नव्हतं. तार ओवताना दोन शेजारचे तार एकमेकांच्या जागी गेले तर मोजणीत कुणाला कळत नाही, मोजणी बरोबरच येते. पण कापड विणलं की त्या जागी एक बारीक रेघ उमटते आणि ती ताक्याच्या शेवटापर्यंत जाते. म्हणून ती कधी मोजून थांबत नसे, एकामागून एक क्रम लावून बघायची. तिने दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि माझ्या आकड्यांवरून बोट फिरवत गेली. सात, सात. तीन, तीन. नऊ, नऊ. तीन, तीन. नऊ, आणि इथे एक.

सुकलाल हंडा घेऊन आत आला तेव्हा ती दाराशीच उभी होती.

"हाई देखा," ती म्हणाली. "या पानवर नऊ पहिले शे, एक मांगे. त्या पानवर एक पहिले, नऊ मांगे. दोन तार उलटा व्हयी गयात."

सुकलालने हंडा खाली ठेवला. "पन बेरीज ते बरोबर येस," तो म्हणाला.

"बेरीज येईच ना. तार कमी नही व्हयनात, जागा बदलनी."

तो तिथेच बसला. खडूचा तुकडा घेऊन त्याने फरशीवर मला लिहिलं, या वेळी एकेक आकडा तिच्याकडून वदवून घेत. एकोणतीसने भागलं. पंचवीस लाख एकोणपन्नास हजार सहाशे पंचवीस वेळा भाग गेला आणि बाकी आठ उरली. सुकलालने फरशीवरच्या त्या आठाभोवती गोल काढला आणि तोंडाला हात लावून हसत राहिला. बंब त्या दिवशी पेटलाच नाही, दोघांनी गार पाण्याने अंघोळ केली.

फाडलेलं पान मालतीबाईने सुई-दोऱ्याने वहीला परत शिवलं. पण अट अजून तीच होती. सुकलालला माफी नको होती. अजून हजाराहून जास्त मूळ संख्या बाकी होत्या, त्यांतली एक जरी मला पुरी लागली तर वही बंबात. फरक एवढाच झाला की आता प्रत्येक नव्या पानावर तो मला लिहायचा आणि वही तिच्यापुढे सरकवायचा. ती आठही आकड्यांवरून बोट फिरवायची आणि मगच तो भागाकार सुरू करायचा. पाणी भरून झाल्यावर दोन आणि जेवण झाल्यावर दोन, असा रोजचा रतीब पडला.

तुम्ही म्हणाल, त्या काळी कॅल्क्युलेटर नव्हता का? होता की, मगनभाईंकडे होता. त्यांनी आपण होऊन पुढेही केला. त्याच्या आठ घरांत मी अगदी चपखल बसत होते. सुकलालने मला त्यावर एकदा उमटवून पाहिलं, खूश झाला आणि यंत्र परत दिलं. म्हणाला, "मगनभाई, रोटी कोई और खाएगा तो मेरा पेट कैसे भरेगा?"

तेव्हा अर्ध्याहून जास्त संख्या हरल्या होत्या. आषाढ गेला, गणपती गेले. काही वेळा बाकी अगदी एक-दोन उरायची आणि सुकलालचा हात थांबायचा. मालतीबाई विचारायची, "ऱ्हायनी ना बाकी?" तो म्हणायचा, "ऱ्हायनी." मग दोघं चहा प्यायची. तिला आता माझे आठही आकडे तोंडपाठ झाले होते आणि ती तार ओवताना ते गुणगुणायची, असं मगनभाईंनी खात्यात सांगून ठेवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत खाती बंद झाली. अर्धं लिंबायत गावी निघून गेलं. सुकलालचं गाठोडंही बांधून तयार होतं, पण एक भागाकार राहिला होता. आठ हजार पाचशे सत्त्याण्णव. त्यापुढे जायची गरज नव्हती, कारण त्यापुढच्या मूळ संख्येला तिनेच गुणलं तर उत्तर माझ्याही पुढे निघून जातं, आणि तिच्याहून लहान सगळ्या तपासून झाल्या होत्या. मालतीबाईने बोट फिरवून मान हलवली. सुकलालने भाग लावला. आठ हजार सहाशे वेळा गेला आणि चार हजार नऊशे तेहेतीस बाकी उरली.

"व्हयनं," तो म्हणाला. एवढंच. वर्षभराच्या कष्टानंतर माणूस एवढंच बोलतो, हे मी पाहिलं आहे.

गावाहून परतल्यावर त्याने माझ्यापुढे नववा आकडा लावून बघितला. शेवटी एक लावला तर तिला तीनने भाग जातो, सात लावला तरी तीनने. तीन लावला तर एकशे सत्तावीसने. नऊ लावलेलीने बरेच दिवस दाद दिली नाही, पण शेवटी तीही तुटली. तिला तोडणारा आकडा मी सांगणार नाही, वही तुमच्याकडेही असेलच. म्हणजे हा ताका माझ्यापाशी संपला. मला त्याचं वाईट वाटत नाही. कुठेतरी थांबायचंच असतं, आणि जिथे थांबले तिथपर्यंत मी चांगली आहे.

नऊची गाठ सुटली त्या दिवशी सुकलालने वहीच्या शेवटच्या पानावर मला परत एकदा मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली लिहिलं, 'तपासणारी: मालती सुकलाल बोरसे'.

"मन्हं नाव कशाले?" ती म्हणाली. "भागाकार तुम्हना शे."

"माल तपासस त्यानं नाव लागस," सुकलाल म्हणाला. "कापड इननारानं नही."

स्वतःचं नाव तिने कधी कशावर लिहिलेलं पाहिलं नव्हतं. तिने त्याही अक्षरांवरून एकेक करून बोट फिरवलं, क्रम बरोबर आहे का ते पाहिलं, आणि वही डाळीच्या डब्यामागे न ठेवता देवाच्या फळीवर ठेवली.

मित्रांनो, मला तेल लागत नाही, रंग लागत नाही, मी गंजतही नाही. मला जपायचं तर एवढंच करा. मला लिहाल तेव्हा सावकाश लिहा, आणि लिहून झाल्यावर जवळच्या माणसाला एकदा दाखवा. तुम्हाला जे दिसत नाही ते त्याला दिसेल. मग त्याचंही नाव खाली लिहायला विसरू नका.